डबा रिकामा धाडू नका

डबा बंद करण्याआधी आक्का त्यावर बोटांच्या पेरांनी वाजवायची आणि विचारायची, "आत कोण नाय ना?"

मग ती थांबायची. आत कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता. वाळूच्या पिशव्या आणि थर्माकोल तिनंच स्वतःच्या हातानं भरलेलं असायचं. तरी ती उत्तराची वाट बघायची. सुरुवातीला पॅकिंगमधली पोरं हसायची. पण समोरचं माणूस खरंच वाट बघत असलं की आपणही नकळत कान देतो. हळूहळू असं झालं, की आक्कानं डबा वाजवला की सगळी शेड गप्प व्हायची. कटर थांबायचा. छताच्या पत्र्यावर कावळ्याची नखं वाजली तरी कुणीतरी दचकायचं.

"आक्का, अंदर जिन बैठेला है क्या?" फोर्कलिफ्टवाला लांबून ओरडायचा.

"बसला आसंल तर तुझ्याच नात्यातला आसंल. ये, उतरव त्याला," असं म्हणत ती फाळका लावून टाकायची आणि शेड पुन्हा सुरू व्हायची.

चितेगावच्या त्या कारखान्यात आम्ही पायलट नसलेली मालवाहू विमानं बनवायचो. सीमेवर अशी उंच ठाणी असतात जिथं रस्ता जात नाही, आणि गोळीबार सुरू असला की पाठीवर ओझं घेऊन चढणारा माणूस हा निव्वळ नेम धरायला सोपा ठिपका असतो. तिथं पीठ, रॉकेल, औषधं आणि दारूगोळा पोचवायचं काम या विमानांचं. पंखे चार, अंग पांढरं, आणि काच कुठंच नाही. जिथं आपली नजर तोंड शोधते तिथं नुसता गुळगुळीत फुगवटा. पोटाखाली मालाचा डबा आणि त्याला मागं ट्रकसारखा खाली पडणारा फाळका. कागदोपत्री त्या डब्याला इंग्रजी नाव होतं, पण कागदाबाहेर सगळे डबाच म्हणायचे.

माझं काम शब्दांचं होतं. यंत्राबरोबर जाणारी माहितीपुस्तिका मी हिंदी-मराठीत लिहायचे. मी उस्मानपुऱ्यातल्या पत्रकांच्या घरात वाढले. वडील चळवळीतले. आमच्या फडताळात वर्तमानपत्रांऐवजी उरलेली पत्रकं अंथरलेली असायची आणि मी अक्षरं लावायला त्यांच्यावरच शिकले. त्यातून दोन सवयी लागल्या. युद्धाचं नाव निघालं की त्यात मरतं कोण हे विचारायचं, आणि अंधश्रद्धा दिसली की जागच्या जागी भांडायचं. पहिल्या सवयीपायी ती नोकरी मला टोचायची. दुसरीपायी आक्का.

तिला सगळे अगं-तुगं करायचे, कारण तिनंच तसं बजावलं होतं. "आहो-जाहो केलं की मला सासर आठवतं," म्हणायची. साडीवर पुरुषी शर्ट, पन्नाशी उलटलेली, बिडकीनकडची. नवरा होता आणि मग नव्हता, याहून जास्त तिनं कधी सांगितलं नाही. जेवायची उभ्यानं. दाराकडं पाठ करून कधी बसायची नाही. आणि मी काही लिहीत असले की मागं येऊन उभी राहायची.

"काय लिवती?"

"मानवरहित मालवाहू विमान."

"म्हंजी?"

"माणूस नसलेलं."

"कुठं नसलेलं?"

"विमानात, आक्का."

"मंग मी काय म्हैस हाय? भरणार मी. तिकडं काढून खाणार कुणीतरी. दोन टोकाला दोन माणसं हायेत, आन् तू लिवती माणूस नाय."

मी तिला सांगितलं की हा तांत्रिक शब्द आहे, सगळीकडं असाच लिहितात. ती माझ्या टेबलावर पेरांनी वाजवून म्हणाली, "तुझ्या शब्दात आत कोण हाय का ते बघत जा आधी."

आक्काचा एक नियम होता, आणि त्या नियमानं सगळा कारखाना बेजार होता. कुणाचंही भांडं रिकामं परत द्यायचं नाही. तसं हे आपल्याकडं घरोघरी आहे. शेजारून वाटीत काही आलं तर वाटी परत जाताना त्यात चिमूटभर साखर तरी जाते. पण आक्काच्या लेखी जगातली प्रत्येक पोकळ वस्तू हे कुणाचं तरी भांडं होतं. माझ्या आईनं तिला थालीपीठ दिलं, तर डबा परत आला तो चिंचेची बुटकं घेऊन. मॅनेजरांनी दिवाळीला मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका दिला. आठवड्यानं तो खोका त्यांच्या टेबलावर आला, आत कडुलिंबाचा पाला. तो त्यांनी घरी नेला, बायकोनं उघडला आणि कुणीतरी करणी केली म्हणून रडारड झाली.

"करणी कशाची? धान्यात घालाया पाला दिला," आक्का म्हणाली. "मोकळा खोका कसा देऊ मानसाला?"

चाचण्या बिडकीनच्या बाजूला एका पडीक रानात व्हायच्या, भर दुपारी, कारण तेव्हा रानात कुणी नसायचं. मला त्या दुपारी अजून नीट आठवतात. उन्हानं सगळं पांढरं पडलेलं. विमान यायचं, स्वतःच जागा निवडून उतरायचं, फाळका आपोआप खाली पडायचा, पिशव्या घसरून मातीवर यायच्या. त्यानंतर ते काही वेळ फाळका उघडा टाकून नुसतं उभं राहायचं. मग फाळका वर घ्यायचं, उडायचं, आणि इकडं पडद्यावर शब्द यायचा, 'पोचलं'. एकदा एक मेंढपाळ कळपासकट बघत उभा होता. मेंढ्यांनी चरणं सोडलं होतं आणि सगळ्या एकाच बाजूला तोंड करून त्या उघड्या फाळक्याकडं बघत होत्या. एकही ओरडत नव्हती.

मेंढपाळानं हळू आवाजात विचारलं, "हे कुणाची वाट बघतंय?"

चाचणीच्या साहेबांनी त्याला समजावलं की ती वेळ ठरवून दिलेली असते, काही अडकलं असेल तर सुटावं म्हणून. तेवढ्यात आक्का पुढं गेली आणि कमरेच्या पिशवीतून मूठभर हरभरे काढून डब्यात टाकून आली.

"आक्का, काय टाकलंस?" साहेबांनी विचारलं.

"हरभरं."

"अगं, पण का?"

"भरून आलं व्हतं ना? मंग रिकामं कसं धाडू?"

परतीचं वजन जास्त का भरलं याचा खुलासा साहेबांना लिहावा लागला. त्यांनी 'माती' असं लिहिलं.

साहेब वाईट नव्हते. पहिले डबे वर, सीमेकडं जायला निघाले तेव्हा आक्कानं रंगखात्यातून लाल रंग आणला आणि प्रत्येक फाळक्याच्या आतल्या बाजूला, उघडल्यावर वरून वाचता येईल असं, वाकड्या अक्षरांत लिहिलं: डबा रिकामा धाडू नका. खाली फोर्कलिफ्टवाल्यानं तेच हिंदीत लिहिलं. साहेबांनी बघितलं, हसले आणि जाऊ दिलं.

मी मात्र भांडले. "आक्का, लढाई चालू असताना कुणाला वेळ असतो असल्या गोष्टींना?"

"भांडं परत देताना येळ कुणालाच नसतो," ती म्हणाली. "तरी देत्यात."

विमानं वरच्या तळावरून उडायची आणि तळावरच परत यायची. तिथं आमच्या कंपनीची माणसं असायची. थंडीनं बिजागऱ्या आणि रबर गेलं की ते डबे ट्रकनं आमच्याकडं दुरुस्तीला यायचे. त्यामुळं वरचं जे काही आम्हाला कळायचं ते शिळं असायचं.

पहिला ट्रक आला तेव्हा मी मुद्दाम शेडमध्ये जाऊन उभी राहिले. आक्काची फजिती बघायची होती. तिनं पहिला फाळका पाडला. आत काळा, चपटा दगड होता. दुसऱ्यात मूठभर राजमा. तिसऱ्यात एक लिमलेटची गोळी, कागदासकट. एकात गोळीचं रिकामं पितळी काडतूस निघालं. ते आक्कानं शर्टाच्या टोकानं उचललं, कंपाउंडपाशी नेलं आणि खड्डा करून पुरलं. बाकीचं सगळं धुऊन आपल्या टेबलावरच्या फळीवर मांडलं.

आणि एकात हिरव्या लोकरीचा बोटभर तुकडा होता. त्याला एक गाठ.

पुढच्या ट्रकमध्ये पुन्हा एक. तीच लोकर, तीच गाठ. त्याच्या पुढच्या खेपेतही. आक्कानं ती दोन बोटांत फिरवून बघितली. "वासराच्या दाव्याची गाठ हाय. ह्याच्या घरी गुरं आसत्याल." त्या दिवसापासून तो गाठीवाला झाला. दुरुस्त डबे वर जाताना ती प्रत्येकात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवू लागली. "कुठल्या डब्याची पाळी त्याच्याकडं येईल काय ठावं. बाकीच्यांनी खाल्ली तरी पोटातच जाईल." एकदा तिनं नवी गाठ माझ्या नाकाशी धरली. "बघ, लसणाचा वास येतो. खाल्ली त्यानं." मला रॉकेलचा वास आला. पण मी तसं बोलले नाही, आणि ट्रक यायच्या दिवशी शेडमध्ये जायचंही सोडलं नाही. फळीच्या कडेला खिळे ठोकून तिनं त्या गाठी ओळीनं टांगल्या होत्या. पंखा लागला की सगळ्या एकदम हलायच्या.

मग साहेब वर जाऊन आले. सोबत विमानाच्या पोटाखालच्या कॅमेऱ्यातली फीत आणली होती. दुपारी जेवणं झाल्यावर कँटीनच्या भिंतीवर ती सगळ्यांना दाखवली. फितीला आवाज नव्हता. आधी बर्फ दिसलं, मग काळे खडक, मग खडकांमधली सपाट जागा. फाळका पडला. पोती घसरून खाली आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. विमान उभं राहिलं, रानात उभं राहायचं तसं, कुणाची तरी वाट बघत.

खडकांतून एक माणूस बाहेर आला. कमरेत वाकलेला, पळत. पोत्यांना त्यानं हातही लावला नाही. तो सरळ फाळक्यापाशी आला, आत हात घातला, काढला आणि तसाच वाकून पळत खडकांत दिसेनासा झाला.

"हे बघा, हेच मला कळत नाही," साहेब म्हणाले. "ही जागा समोरच्या डोंगरावरून स्वच्छ दिसते. उघड्यावर कुणी येऊ नये म्हणून तर सगळं आपोआप केलंय. माल पडू द्यायचा, अंधार झाल्यावर उचलायचा, असं त्यांना सांगितलेलं आहे. हा मालाला शिवतही नाही. मग येतो कशाला?"

फोर्कलिफ्टवाल्यानं मान वळवून आक्काकडं बघितलं. मग एकेक करत सगळ्यांनी. साहेबांचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. त्यांनाही त्याच वेळी कळलं.

"पुन्यांदा दाव," आक्का म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाखवलं. माणूस पुन्हा बाहेर आला, पुन्हा वाकून पळाला.

"त्वांड दिसंना त्याचं."

"कॅमेरा वरून आहे, आक्का."

"गोळी लागली का त्याला?"

"नाही ना, बघ की. परत गेला. ह्या खेपेला काही झालं नाही."

"ह्या खेपेला," आक्का म्हणाली.

मी तिला रडताना बघितलं नाही. ती उठली, रंगखात्यातून थिनरचा डबा घेतला आणि शेडमधल्या प्रत्येक फाळक्यावरची लाल अक्षरं चिंध्यांनी घासायला बसली. हातमोजे घातले नाहीत. संध्याकाळी तिच्या बोटांची सालं निघाली होती. साहेबांनी तळावर फोन लावला. तिथले डबेही पुसायला सांगितले आणि ठाण्यांवर निरोप धाडायला सांगितलं. मी तिला काय म्हणणार होते? भांडायला माझ्याकडं सगळे मुद्दे होते, आणि त्यातला एकही तिला माहीत नव्हता असं नव्हतं.

त्यानंतरचा ट्रक आला. फाळके एकेक करून पडले. रिकामा. रिकामा. रिकामा. आक्का प्रत्येक डब्यात डोकं घालून बघायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "रिकामा हाय. लई बरं झालं." एवढ्या आनंदानं मोकळ्या खोक्यांकडं बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्या काळात तिनं माझा जेवणाचा डबाही पहिल्यांदाच रिकामा परत दिला. आईनं झाकण काढून आत बघितलं आणि मला विचारलं, "काय गं, भांडण झालं का तुमचं?"

मग एका दुपारी, थिनरनं पुसलेल्या, फक्त गुलाबी डाग उरलेल्या फाळक्याच्या डब्यात हिरवी गाठ निघाली.

तो डबा पुसल्यानंतर वर गेला होता. तिथं लिहिलेलं काहीच नव्हतं. कुणी मागितलं नव्हतं. आक्कानं गाठ उचलली, बघितली, आणि डब्याच्या आत तोंड करून, जसं काही तो तिथंच मागच्या बाजूला बसला होता, तशी बोलली, "येडा हाईस का रं तू? कुनी सांगितलं तुला?" तिचा आवाज डब्यात घुमला. "जित्ता हाय," ती माझ्याकडं वळून म्हणाली. "आन् आजूक बाहीर येतोय." हे सांगताना ती हसत होती आणि गाठ मुठीत आवळत होती.

तिनं लाल रंग आणला. ब्रश माझ्याकडं दिला. "तू लिव. तुझं अक्षर लागतंय."

"काय लिहू?"

"डबा रिकामाच धाडा."

मी लिहिलं, मोठ्या, सरळ अक्षरांत. अशी अक्षरं मी घरी भिंतींवर लिहायला शिकले होते.

"खाली लिव, 'आक्का'."

"त्याला काय माहीत आक्का कोण?"

"चटणी खाल्लीय की त्यानं," ती म्हणाली.

असे आम्ही होते तेवढे सगळे डबे लिहून धाडले. त्यानंतर जितके ट्रक आले तितके सगळे डबे रिकामे आले. एकातही काही निघालं नाही. दगड नाही, राजमा नाही, लोकर नाही. आधी आक्का म्हणाली, बरं झालं, ऐकलं त्यानं. मग तिचं ते म्हणणं बंद झालं. कारण ऐकलेल्या माणसाचा डबा जसा येईल, तसाच न उरलेल्या माणसाचाही येतो. आत कितीही वाकून बघितलं तरी दोन्हीत फरक दिसत नाही.

पडद्यावर मात्र रोज शब्द येत होता: पोचलं, पोचलं, पोचलं. मोठा कार्यक्रम ठेवला. लष्कराचे एक अधिकारी आले, हार झाले. एकही फेरी चुकली नाही, असं साहेबांनी व्यासपीठावरून वाचून दाखवलं. अधिकारी गाडीकडं निघाले तेव्हा आक्का वाटेत उभी राहिली.

"साहेब, गाठीवाला बरा हाय का?"

ते थांबले. "कोण, आई? नाव काय त्याचं?"

"नाव नाय ठावं. हिरव्या लोकरीची गाठ मारतो. घरी गुरं हायेत त्याच्या."

"ठाणं कुठलं?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. ठाण्यांची नावं आम्हाला कधी सांगितलेलीच नव्हती. मी नकारार्थी मान हलवली. अधिकाऱ्यांनी मराठीतच सांगितलं की चौकशी करतो, आणि ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. फक्त चौकशी कुणाची करायची हे त्यांना कळलेलं नव्हतं. गाडीचं दार उघडून ते परत वळले.

"हिरवी लोकर म्हणालात?"

"व्हय."

"आमच्या मोज्यांची असते ती. वर सगळ्यांकडंच असतात." एवढं बोलून ते गाडीत बसले.

पुढच्या महिन्यात कंपनीनं मला जाहिरातीची पुस्तिका लिहायला सांगितली. सोबत ती फीतही जाणार होती. फक्त पोती खाली पडल्यावर ती कापायची होती, माणूस बाहेर यायच्या आधी. मी विचारलं, का? तर उत्तर आलं, त्यानं मुद्दा बिघडतो. यंत्र मानवरहित आहे. मी ती पुस्तिका लिहिली नाही. राजीनामा लिहिला. त्या फितीत माणूस आहे. तो वाकून पळतोय. त्याला कापून टाकून जे उरतं त्याला मी नाव देणार नाही, आणि ते देऊन पोट भरणार तर नाहीच.

शेवटच्या दिवशी शेडमध्ये गेले तेव्हा ट्रक नुकताच लागला होता. आक्का डब्यासमोर उभी होती. पूर्वी ती जाणारे डबे वाजवायची. आता ती आलेले डबे उघडण्याआधी वाजवायची, आणि प्रश्न बदलला होता.

"आत कोण हाय का?"

ती थांबली. सगळी शेड थांबली. फोर्कलिफ्टवाल्यानं इंजिन बंद केलं. तो आता जिनाचं काही बोलत नव्हता. पंखा फिरत होता आणि फळीवरच्या गाठी हलत होत्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आक्कानं कान डब्याला लावला, डोळे मिटले, आणि फाळका पाडलाच नाही. पुढच्या डब्याकडं गेली.

निघताना तिनं माझ्या हातात माझा जेवणाचा डबा दिला, घासून लख्ख केलेला. वजनावरून काही कळत नव्हतं.

"नीट जा," ती म्हणाली. "उघड्यावर उभी राहू नको."

बसमध्ये खिडकीशी बसले. डबा मांडीवर घेतला. झाकणावर बोटांच्या पेरांनी वाजवलं आणि नक्षत्रवाडी येईपर्यंत थांबले.